चंद्राच्या कोरीत चांदणी कशी दिसेल?

तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात भर दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात तिथल्या पोराच्या स्क्रीनवरचा वाढदिवसाचा नेता बाजूला सरतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. वडाच्या खोडाला दार फुटलंय, दारातून पिवळा उजेड बाहेर येतोय आणि पारावर एक आजी बैलाएवढ्या मांजरीला गोंजारत बसलीय. भंडारा-गोंदियापासून बुलडाण्यापर्यंत हा नाद असलेली मंडळी आता बरीच आहेत. लग्नाचा सीझन संपल्यावर मोकळे झालेले फोटोग्राफर, डीटीपी करणाऱ्या मुली, कॉलेजची पोरं, एखाददुसरे जिल्हा परिषदेचे गुरुजी. फोटोंचे तुकडे जोडून न घडलेलं दृश्य, म्हणजे कल्पनाचित्र, घडवायचं, ते ऑनलाइन टाकायचं आणि मग त्यावर बोलायचं.

बोलणं बहुतेक वेळा एका ओळीत आटोपतं. 'लय भारी भाऊ', 'खतरनाक', नाहीतर मग उलट: 'चिपकवलेलं दिसते.' दोन्ही शेरे खरे असतात. पण भारी का आणि चिपकवलेलं का, हे कोणी सांगत नाही. ते सांगता येतं. त्याला चित्रकलेची पदवी लागत नाही, आणि ऊन कुठून येतं, सावली कुठे जाते हे रोज पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला तर मुळीच लागत नाही. माझं म्हणणं एवढंच की कल्पनाचित्र त्यातल्या अशक्य गोष्टीपायी फसत नाही. उडती म्हैस डोळा बिनतक्रार मान्य करतो. तिच्या पोटाखालचा अंधार चुकला की मात्र बिनसतं.

पऱ्या आणि टाचण्या

हे कॉम्प्युटरने आणलेलं खूळ आहे असं अनेकांना वाटतं. पण १८५७ मध्येच इंग्लंडमध्ये ऑस्कर रेजलँडर या छायाचित्रकाराने सुमारे ३० निगेटिव्ह एकत्र छापून एक भलंमोठं नाट्यमय दृश्य तयार केलं होतं, आणि त्याची प्रत खुद्द व्हिक्टोरिया राणीने विकत घेतली. आपल्याकडे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी रविवर्म्याच्या छापखान्यात काम करत. फोटो, छपाई आणि जादूचे प्रयोग या तिन्हींचा त्यांना नाद होता. त्यांच्या मूकपटांतले देव प्रकट होतात आणि गुप्त होतात ते त्या नादातूनच. अमेरिकेत जेरी युल्समन डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायची यंत्रं) ओळीने मांडून एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत असे, आणि मुळांसकट हवेत तरंगणारी झाडं छापत असे. त्यात कॉम्प्युटर कुठेच नव्हता.

या सगळ्यांत आपल्या कामाची गोष्ट मात्र दोन मुलींची आहे. १९१७ साली इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात १६ वर्षांची एल्सी आणि तिची ९ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस यांनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. पऱ्या म्हणजे कागदावर काढून कापलेली चित्रं, टोपीला लावायच्या लांब टाचण्यांवर गवतात उभी केलेली. फोटो जाणकारांना दाखवले, तेव्हा निगेटिव्हमध्ये जोडाजोड नाही असा निर्वाळा मिळाला. तो बरोबरच होता, कारण जोडाजोड कॅमेऱ्यापुढे झाली होती, कॅमेऱ्यात नाही. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी १९२० मध्ये ते फोटो मासिकात छापून पऱ्या असल्याची ग्वाही दिली. मुलींनी कबुली दिली थेट १९८३ मध्ये, म्हातारपणी. त्यातही फ्रान्सिसने पाचवा फोटो खरा असल्याचा हेका शेवटपर्यंत सोडला नाही.

पऱ्या कागदाच्या असूनही इतकी वर्षं कशा टिकल्या? एक कारण असं, की कागदावर आणि फ्रान्सिसच्या चेहऱ्यावर एकाच आभाळाचा उजेड पडत होता. तो जुळवावा लागला नाही, आपोआप जुळला. आणि ज्यांना शंका आली त्यांनी बोट कुठे ठेवलं? पऱ्यांच्या पंखांवर नाही, मागच्या धबधब्यावर. शटर जास्त वेळ उघडं राहिल्यामुळे धबधब्याचं पाणी धूसर आलेलं, आणि त्याच फोटोत नाचणाऱ्या पऱ्या ठणठणीत स्पष्ट. नाचणारी गोष्टही पुसट यायला हवी होती.

पडद्यामागे पडदे

आता कॉम्प्युटरवर हे कसं चालतं ते पाहू. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं, पण त्यात लेअर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. लेअर समजायला आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकाचं स्टेज डोळ्यासमोर आणावं. सगळ्यात मागे जंगलाचा पडदा, त्याच्या पुढे वाड्याची भिंत, त्याच्या पुढे नट. प्रत्येक पडदा वेगळा ओढता येतो, मागचा फाटला तरी पुढच्याला धक्का लागत नाही. कल्पनाचित्रही तसंच: आभाळ एका लेअरवर, टेकडी दुसऱ्यावर, माणूस तिसऱ्यावर, त्याची सावली चौथ्यावर.

प्रत्येक लेअरला एक मास्क जोडता येतो. मास्कवर पांढरं रंगवलं की तो भाग दिसतो, काळं रंगवलं की लपतो, करडं रंगवलं की अर्धवट दिसतो. खोडरबरने खोडलेलं गेलं ते गेलं. मास्कने लपवलेलं उद्या परत आणता येतं. म्हणून नवशिक्याला मी पहिली सवय हीच लावायला सांगतो: काही खोडायचं नाही, फक्त लपवायचं.

तिसरी गोष्ट ब्लेंडिंग मोड, म्हणजे वरचा लेअर खालच्यात कसा मिसळायचा त्याचे प्रकार. यादी पाहून माणूस घाबरतो, पण सुरुवातीला दोनच पुरतात. कॉम्प्युटर प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा उजेड ० ते २५५ अशा २५६ पायऱ्यांत मोजतो. हिशोबासाठी काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे १ धरू. 'मल्टिप्लाय' म्हणजे सरळ गुणाकार. पांढऱ्याने गुणलं तर खालचा रंग आहे तसाच राहतो, म्हणजे वरच्या लेअरमधलं पांढरं गायब होतं; अर्ध्याने अर्ध्याला गुणलं की पाव उरतो, म्हणजे अंधार वाढतो. सावल्या, भेगा, शाईच्या रेघा यांना हा मोड. 'स्क्रीन' याच्या बरोबर उलट: काळं गायब होतं आणि उजेड चढत जातो. आग, ठिणग्या, धूर, वीज, धुकं यांना तो. या दोन ओळी डोक्यात बसल्या की अर्धं व्हिडिओ-ट्युटोरियल बघायची गरज राहत नाही.

पैसे खर्च करायचीही गरज नाही. फोटोशॉपसारखंच काम करणारं गिम्प १९९६ पासून फुकट आहे. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं आणि फाइल तुमच्याच मशीनवर उघडतं, त्यामुळे तालुक्याचं नेट रडत असलं तरी निभतं. मोबाइलवर पिक्सआर्ट, आयबिस पेंट आहेत.

सारसावर बसलेली पोर

एक चित्र कल्पनेत घेऊन जवळून पाहू. गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांवरून (बांध घातलेल्या शेतांवरून) एक प्रचंड सारस उडतोय, त्याच्या पाठीवर शाळेच्या गणवेशातली मुलगी बसलीय, मागे संध्याकाळ. तीन फोटो लागले: पक्षी, मुलगी, बांध्या. तिन्ही आपापल्या जागी सुंदर. एकत्र आणले आणि भट्टी बिघडली.

सगळ्यात आधी ऊन. मुलीचा फोटो घराच्या गच्चीवर दुपारी बाराला काढलेला. विदर्भातलं दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं. भुवयांखाली काळोख होतो आणि नाकाची सावली ओठावर उतरते. पक्ष्याचा फोटो पक्षीनिरीक्षकाने सकाळी काढलेला, कारण ते लोक पहाटेच माळावर असतात; त्यात ऊन बाजूने, मऊ, पिवळसर. आभाळ संध्याकाळचं. एका चित्रात तीन सूर्य झाले. रंग बदलता येतो, उजेड कमी-जास्त करता येतो, पण ऊन कुठल्या बाजूने आलंय ते नंतर बदलणं जवळपास अशक्य. फार तर फोटो आडवा उलटवून डावं-उजवं करता येतं (तेव्हा गणवेशाचा खिसा आणि शर्टाची बटणपट्टी दुसऱ्या बाजूला जाते, हे लक्षात ठेवावं). खरा उपाय एकच: मुलीचा फोटो संध्याकाळी पाचनंतर पुन्हा काढायचा. तिला धानाच्या पोत्यांच्या थप्पीवर पाय दोन्हीकडे सोडून बसवायचं आणि फोटो खालून काढायचा. खालूनच का, तर सारस आपण खालून पाहतोय. डोळ्याच्या उंचीवरून काढलेली मुलगी खालून दिसणाऱ्या पक्ष्यावर कधीच नीट बसत नाही. तिचं आणि पक्ष्याचं क्षितिज वेगळं पडतं.

मग रंग. संध्याकाळी उन्हाची बाजू केशरी होते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे अख्ख्या चित्रावर केशरी फिल्टर ओततात. पण सावलीच्या बाजूला सूर्याचा उजेड पोचतच नाही, तिथे पोचतो आभाळाचा, आणि तो निळसर असतो. पांढऱ्या भिंतीवर संध्याकाळी पडलेली सावली एकदा नीट पाहा. उन्हात केशरी, सावलीत निळं, एवढं साधलं तरी चित्राला हवा मिळते. सारसाच्या पोटाखाली आणखी एक उजेड येतो, बांध्यांतल्या पाण्या-धानावरून परतलेला, किंचित हिरवा. तो कोणी दाखवत नाही. ज्याने दाखवला त्याचं चित्र पाहून लोक 'असली वाटते' म्हणतात आणि का वाटतं ते त्यांना कळत नाही.

पुढे गुडघा. मुलगी पक्ष्यावर बसलीय की पक्ष्याच्या पुढे ठेवलीय, हे गुडघ्यापाशी ठरतं. जिथे दोन वस्तू टेकतात तिथे एक बारीक, गडद सावली असते. उजेड आत शिरू शकत नाही म्हणून. ती मल्टिप्लायवर, लहान ब्रशने, हाताने काढावी लागते. आणि गुडघा पिसांत रुततो, त्यामुळे दोन-चार पिसं गुडघ्याच्या वर यायला हवीत. मास्कमध्ये तेवढ्या जागी पिसांच्या आकाराने काळं रंगवलं की गुडघा त्यांच्या आड जातो. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि दहातले नऊ जण ते करत नाहीत.

आता आकार. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातला सर्वांत उंच, उभा राहिला तर पाच-सहा फूट. पण वजन सहा-सात किलोच्या आसपास. त्यावर सातवीतली पोर बसवायची तर पक्षी कितीतरी पट मोठा दाखवावा लागणार. नुसता ताणून मोठा केला की तो मोठा वाटत नाही, आणि याचं कारण मजेशीर आहे. पक्ष्यांचे फोटो लांब पल्ल्याच्या लेन्सने काढतात; त्यात डोळा स्पष्ट आणि मागचा पंख पुसट होतो. असा पुसटपणा आपल्याला लहान वस्तूंच्या फोटोंत पाहायची सवय आहे, त्यामुळे मेंदू लगेच ठरवतो: वस्तू छोटी आहे. खरोखरची प्रचंड गोष्ट, म्हणजे धरणाची भिंत किंवा गाविलगडचा बुरूज, अशी अर्धी स्पष्ट अर्धी पुसट कधी दिसते का? म्हणून महाकाय पक्षी हवा असेल तर दोन्ही पंखांची टोकं स्पष्ट असलेला फोटोच शोधावा, आणि लांबच्या पंखावर पुसटपणाऐवजी किंचित धुरकट निळेपणा चढवावा. अंतर दाखवायचं काम हवा करते. लांबच्या टेकडीत गडद काळा रंग नसतोच. तिथल्या काळ्याचाही करडा-निळा झालेला असतो. मेळघाटात एकामागे एक रांगा फिकट होत जातात ते उगाच नाही.

शेवटी एक बारकावा, जो पक्षीवाल्यांच्या तावडीतून सुटत नाही. सारस उडताना मान पुढे सरळ ताणतो आणि पाय मागे. बगळा मान आखडून घेतो. बगळ्याचं धड आणि सारसाचं लाल डोकं असा जोडकाम केलेला पक्षी नेटवर टाकला की दोन मिनिटांत कोणीतरी विचारतो: 'हा कोनता पाखरू होय गा?'

चंद्राचं प्रकरण

कल्पनाचित्रांत सगळ्यात जास्त छळ होतो तो चंद्राचा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणून तर तो पूर्ण उजळतो. पश्चिमेला सूर्य बुडताना तो पूर्वेला वर येतो. तेव्हा मावळता सूर्य आणि पूर्ण चंद्र एकाच क्षितिजावर शेजारीशेजारी दाखवणारं चित्र डोळ्यात खुपतं, बघणाऱ्याला खगोलशास्त्र येत नसलं तरी. कोर असेल तर तिची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे. आपल्याकडे बीजेची कोर बरेचदा आडवी पडलेली दिसते. युरोपातल्या फोटोतून उचललेली उभी कोर विदर्भातल्या देवळाच्या कळसावर म्हणूनच परकी वाटते. आणि कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चमचमती चांदणी! चंद्राचा तो भाग अंधारात आहे, नाहीसा झालेला नाही. चांदणी दिसायची तर चंद्राला भोक पाडावं लागेल.

मोठा चंद्र दाखवू नये का? खुशाल दाखवावा. खऱ्या आभाळात चंद्राची रुंदी जेमतेम अर्धा अंश. मोबाइलच्या साध्या लेन्सने काढलेल्या ४००० पिक्सेल रुंद फोटोत तो पंचवीस-तीस पिक्सेलांचा ठिपका येतो. हात लांब करून करंगळी धरली तर चंद्र तिच्या मागे सहज झाकतो. म्हणून मोठा चंद्र हवा असेल तर पुढचं झाड, माणूस, देऊळ हेसुद्धा लांबून झूम करून काढलेलं हवं. जवळून, रुंद लेन्सने काढलेल्या अंगणावर गाडीच्या चाकाएवढा चंद्र डकवला की तो डकवलेलाच राहतो. तुमच्या जगात दोन चंद्र असतील तर तेही चालतील. फक्त दोघांची उजळ बाजू एकाच सूर्याकडे असू द्या. जग तुमचं, पण एकदा ठरवलेला सूर्य मग हलवायचा नाही.

याच्या उलटही घडतं. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. ज्यांनी सरोवर नेहमी हिरवटच पाहिलं होतं, त्यांना फोटो बघून पहिल्यांदा एडिटिंगच आठवावं यात नवल नाही. पण पाणी खरंच गुलाबी होतं. पातळी घटून खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे, गुलाबी रंगद्रव्य असणारे सूक्ष्मजीव फोफावले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून निघाला. त्या फोटोंत काठावरच्या झाडांचे रंग जागच्या जागी होते, सावल्या जागच्या जागी होत्या. संशय आल्यावर पाण्याकडे न बघता काठाकडे बघायचं, ते यासाठी.

कापसाचे ढग

आपल्याकडच्या मंडळींचं एक मला पटत नाही. ड्रॅगन, बर्फाळ कडे, गॉथिक किल्ले, सगळं नेटवरून उतरवलेलं. त्या किल्ल्यावरचा उजेड त्यांनी कधी पाहिलेला नसतो, मग तो जुळवणार कसा? उलट घराभोवती जे पडलंय ते सोन्यासारखं आहे आणि त्यावर कोणाचा हक्क नाही.

वेचणीनंतर घरात साठवलेला कापूस काळ्या कापडावर पसरा, एका बाजूने टॉर्च धरा, फोटो काढा. स्क्रीन मोडमध्ये काळं कापड गायब होतं आणि हवे तसे, हव्या त्या बाजूने उजळलेले ढग उरतात. टॉर्चची बाजू तुम्ही ठरवलेली असल्यामुळे ऊन जुळवायची कटकटच नाही. मे महिन्यात भेगाळलेली काळी जमीन उन्हं कलल्यावर वरून टिपून ठेवा. मल्टिप्लायमध्ये पांढऱ्या बैलाच्या पाठीवर चढवली की राक्षसी कातडी तयार. भेगेची एक कड उजळ आणि एक काळी येते, म्हणून तिरप्या उन्हातच काढायची. दुपारी काढलेल्या भेगा सपाट येतात. दिवाळीची फुलझडी अंधारात, चुलीचा धूर काळ्या दाराच्या पार्श्वभूमीवर, हिवाळ्यातलं बांधावरचं धुकं, मार्चमधला निष्पर्ण, लालभडक पळस, मार्कंड्याच्या देवळाचे कोरीव दगड, चिखलदऱ्याचा कडा: असं फोल्डर वर्षभरात भरत जातं. ज्याच्याकडे असं फोल्डर आहे त्याच्या चित्राला स्वतःचा वास येतो.

कपडे सुकवायच्या दोरीवर काळी ताडपत्री आणि तिच्यापुढे मुलगी, एवढ्यावर फोटोतून केसांची कड कापायचं सगळ्यात किचकट कामही सोपं होतं. केसांभोवती फटफटीत पांढरी किनार राहते ती बहुतेक वेळा उजळ भिंतीपुढे फोटो काढल्यामुळे. चित्र रात्रीचं करायचं असेल तर गडद पार्श्वभूमी, दिवसाचं करायचं असेल तर फिकट.

'लय भारी'च्या पुढे

आता बोलण्याबद्दल. कोणाचं चित्र पाहून काही म्हणायचं तर जागा दाखवावी. 'मजा नाही आली' यातून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. 'डाव्या पंखावर ऊन इकून येते अन् पोरीच्या तोंडावर तिकून, सूर्य दोन हायेत का?' यात टोमणा असला तरी पत्ता आहे; तो माणूस घरी जाऊन दुरुस्त करू शकतो. आमच्याकडे वयाने मोठ्यांना 'चुकलं' म्हणणं जड जातं, तेव्हा गुरुजींच्या चित्रावर पोरं नुसते हात जोडतात. त्याला तोडगा म्हणजे प्रश्न: 'सर, ह्या कंदिलाचा उजेड भिंतीवर पडायला पाहिजे होता का?' मान राहतो आणि कंदीलही सुधारतो.

स्वतःच्या चित्रातली चूक स्वतःला दिसत नाही, कारण डोळे सरावलेले असतात. ही सवय मोडायला तीन जुन्या युक्त्या आहेत. चित्र आडवं उलटवून पाहा. तोल गेलेला असेल तर लगेच खटकतं. रंग काढून कृष्णधवल करून पाहा. चिकटवलेली वस्तू बाकीच्यांपेक्षा जास्त काळी किंवा जास्त पांढरी असेल तर उघडी पडते. आणि अगदी लहान, नखाएवढं करून पाहा; तेवढ्यातही कोण कुठे आहे ते कळलं पाहिजे. याउलट शंभर टक्के झूमवर फोटोचा दाणा, म्हणजे बारीक खरखरीत ठिपके, तपासायचा. मोबाइलच्या अंधारातल्या फोटोत दाणे असतात, स्टुडिओच्या फोटोत नसतात. शेवटी सगळ्यावर एकसारखा बारीक दाणा टाकला की तुकडे एका जातीचे होतात.

चित्र पाठवताना व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या फोटोसारखं पाठवू नये. ते आकुंचन पावतं, कडांभोवती चौकटी दिसू लागतात आणि मग लोक तुमच्या मास्कला दोष देतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हल्ली सगळ्या वादांत एआय येतंच. २०२२ मध्ये मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन यांसारखी साधनं सर्वांच्या हाती आली आणि वाक्य लिहिलं की सारसावरची पोर तयार होऊ लागली. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सन या जर्मन कलाकाराने एका मोठ्या जागतिक स्पर्धेत एआयने केलेलं चित्र जिंकवलं आणि मग स्वतःच बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी बरोबर उलटं झालं: माइल्स अॅस्ट्रे याने दुसऱ्या एका स्पर्धेत एआयच्या विभागात फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो पाठवला, तो जिंकला आणि खरा निघाल्यामुळे बाद झाला. मला एआयचं वावडं नाही, ढग किंवा पोत करायला वापरलं तर कुठे बिघडलं? पण फोटो जोडून केलेल्या चित्रांच्या गप्पांत ते न सांगता टाकणं म्हणजे कुस्तीच्या फडात क्रेन आणणं. कुणी शंका घेतली तर भांडत बसू नये; लेअरची यादी उघडून स्क्रीनशॉट टाकावा. ज्याने रात्र जागून मास्क केलाय त्याला ते दाखवायला आवडतंच.

कोणाचा फोटो, कोणाचं तोंड

गुगलवर सापडला म्हणजे फुकट, हा समज फार खोलवर रुजलाय. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं फोटोवर हक्क राहतो, आणि तो बहुधा काढणाऱ्याचा असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोत, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. 'क्रेडिट दिलं ना' एवढ्याने परवानगी मिळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) परवान्यांत, जे काढणारा आधीच देऊन ठेवतो, मात्र काय चालेल ते लिहिलेलं असतं. सीसी झिरो असेल तर मोकळीक. 'नो डेरिव्हेटिव्हज' असेल तर कापून-जोडून केलेलं चित्र प्रसिद्ध करायला मनाई, म्हणजे आपल्या कामाला ते निरुपयोगी. २००० साली सुरू झालेल्या डेव्हिअंटआर्टवर खास जोडकामासाठी फोटो देणारे हौशी लोक आहेत. प्रत्येकाच्या अटी त्याच्या पानावर असतात, त्या वाचाव्यात. आणि गावाकडच्या पक्षीनिरीक्षकाचा सारस हवा असेल तर त्याला सरळ फोन करावा. बहुतेक जण 'घे भाऊ, फक्त घरट्याची जागा लिहू नको' एवढंच म्हणतात.

चेहऱ्याचं तर त्याहून जपून. कुणाच्या पोरीचा फोटो प्रोफाइलवरून उचलून तिला परी करायचं, आणि ते चित्र गावभर फिरायचं, यात कलेचा भाग थोडा आणि त्रासाचा जास्त. अश्लील जोडकाम तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली सरळ गुन्हा आहे. मॉडेल घरातलंच शोधावं. आज्या उत्तम मॉडेल असतात, हलत नाहीत आणि चेहऱ्यावर उजेड सुंदर खेळतो.

राहता राहिला वाघ. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघ ही कल्पना नाही. सकाळी मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईच्या जिवाशी त्याची गाठ आहे. कोणीतरी हौसेने गावाच्या पारावर झोपलेला वाघ जोडतो, सावली-बिवली एकदम चोख, आणि ते चित्र तिसऱ्या ग्रुपवर पोचेपर्यंत खाली लिहिलेली 'हे कल्पनाचित्र आहे' ही ओळ गळून पडलेली असते. उरतो फक्त पार आणि वाघ. शाळेला सुट्टी, वनखात्याला फोन, मजूर शेतात जायला तयार नाहीत. म्हणून ओळखू येणाऱ्या गावात वाघ-बिबट जोडू नयेत, असं माझं ठाम मत आहे. जोडायचाच असेल तर त्याला निळा करा, पंख लावा, एसटीएवढा करा. नाव आणि 'कल्पनाचित्र' हा शब्द कोपऱ्यात टाकू नका, कोपरा क्रॉप करायला दोन सेकंद लागतात. तो चित्राच्या आत, वाघाच्या अगदी जवळ, एखाद्या वस्तूवर लिहा: मैलाच्या दगडावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, एसटी थांब्याच्या पाटीवर, आणि अक्षरांवरही ऊन त्याच बाजूने पाडा. 'कल्पनापूर ३ किमी' अशी पाटी कापायची तर वाघाचं शेपूटही कापावं लागेल.